वर्षाच्या पहिल्या सकाळचं मागणं

सापारुआ,
४ ऑक्टोबर १९८३

प्रिय मेकी,

प्रभूची शांती तुझ्यावर, आन्चेवर आणि तुमच्या छोट्या कोस्तान्सावर असो.

तुझं शेवटचं पत्र येऊन सात महिने झाले. सात महिन्यांत एक पान लिहायला सवड होत नाही, असं काय काम असतं रे सोरोंगला? जहाजं दुरुस्त करतोस की नवीन बेटं बांधतोस?

इथे लवंगा उतरवून झाल्या. अंगणभर चटया पसरल्यात. हातांना, केसांना, अगदी पाण्याच्या घोटालासुद्धा त्यांचाच वास. दरवर्षी पापा काठी घेऊन कोंबड्या हाकायला बसायचे. यंदा काठी मांडीवर असते आणि कोंबड्या पायांवरून फिरतात.

पापा थकलेत. पापेडाच्या पेजेचे दोन घोट घेतात आणि वाटी सरकवतात. शुद्धीवर असले की अजून शाळामास्तरच आहेत, काल मी चर्चसाठी लिहिलेल्या यादीतल्या चार चुका काढल्या. पण दिवेलागणीला बिघडतं. दाराकडे बघत म्हणतात, "योसिना, आगुसला आत घे. केव्हाचा पायरीवर पाय आपटतोय."

आपला धाकटा आगुस जाऊन येत्या जानेवारीत तेरा वर्षं होतील. समुद्रानं त्याला परत दिलंच नाही. कबर असती तर पापांना हात धरून नेलं असतं आणि म्हटलं असतं, बघा, तो इथे आहे. मला दाखवायला जागाच नाही.

मी त्यांना विचारलं, "मग आत का येत नाही तो?"

"मेकी आल्याशिवाय येणार नाही म्हणतो. थाळीवर मेकीचा हात नाही."

नवसाची थाळी आईच्या खोलीत त्याच मेजावर आहे, पांढऱ्या फडक्याखाली. नव्या वर्षाच्या सकाळी त्या थाळीवर आपले चार हात पडायचे. आता पापा आणि मी, दोनच. घरातला एक हात मागे राहिला तर देव त्या थाळीकडे बघत नाही, असं पापा म्हणतात. आगुसचा हात कुठून आणणार? पण तुझा तर आहे. इतकी वर्षं मी आशीर्वाद मागायला त्या थाळीसह चर्चला जाते आणि दरवेळी मला वाटतं, आपण नुसती चिनीमातीची बशी घेऊन निघालोय.

या नव्या वर्षाला ये मेकी. पुढच्या वर्षी पापा असतील असं मला वाटत नाही.

तुझी,
थोरली बहीण, योसिना उसी

*

सोरोंग,
२९ ऑक्टोबर १९८३

प्रिय उसी,

'नवीन बेटं' वाचून आन्चे इतकी हसली की शेजारीण डोकावली. आता मी घरी उशिरा आलो की विचारते, "आज कोणतं बेट झालं?" कधीही न भेटलेल्या दोन बायका माझ्याविरुद्ध एक झाल्यात.

कोस्तान्सा चार वर्षांची झाली. फार बोलते. तुझ्यावर गेलीय.

वर्षअखेरीला यायचं जमणार नाही. दोन जहाजं वर ओढायची आहेत आणि मुकादम सुट्टी देत नाही. पापांचं वय झालंय, या वयात माणसाला काहीबाही दिसतं. पायरीवर शेजारच्यांचं डुक्कर येत असेल. पूर्वीही यायचं.

माझ्या नावाचं एक नाणं तूच थाळीवर ठेव. देव काही हात मोजत बसत नसेल.

पापांना सूप दे, घशाखाली उतरेल असं.

तुझा,
मेकी

ता. क. पापांना तो कोणत्या कपड्यांत दिसतो? सहज विचारतोय.

*

सापारुआ,
१८ नोव्हेंबर १९८३

प्रिय मेकी,

सहज विचारतोयस म्हणून सांगते. मी पापांना विचारलं. निळा शर्ट. खिशावर तपकिरी ठिगळ. ते ठिगळ मीच लावलं होतं, तो निघाला त्या सकाळी, शर्ट अंगात असतानाच. सुई टोचली म्हणून ओरडला होता. हे पापांना ठाऊक नव्हतं, ते तेव्हा झोपलेले होते. तू का विचारलंस?

आणि ते डुक्कर नव्हे. गेल्या रविवारी संध्याकाळची उपासना आटपून मी घरी आले आणि पडवीत डोक्यावरची जाळीची ओढणी काढत होते. मागे पायरीवर आवाज आला. डावा पाय, उजवा, पुन्हा डावा. वाळू घरात आणतोस म्हणून मी ओरडायचे तेव्हा तो मुद्दाम जसा आपटायचा, अगदी तसा. मी वळले तर कुणी नाही. दगड मात्र ओला होता. पाऊस नव्हता आणि ओहोटी होती. मी वाकून बोट लावलं आणि जिभेला लावलं. खारट होतं.

तू मला वेडी म्हणशील. म्हण.

गेल्या बुधवारी भर दुपारी पापा घरातून नाहीसे झाले. शाळेचे काळे बूट घालून गुडघाभर पाण्यात उभे होते आणि हजेरी घ्यावी तसं खणखणीत आवाजात आगुसचं नाव घेत होते. होडीवाल्या नूसकाकानं पाण्यात उडी टाकून त्यांना बाहेर आणलं. दारापर्यंत पोचवलं आणि माझ्याकडे न बघताच गेला. तेरा वर्षं तो माझ्याकडे बघत नाही.

त्यावरून एक विचारते. आगुस गेल्यावर दोन महिन्यांनी तू निघालास तो नूसकाकाच्याच होडीतून. त्यानं तुला वाटेत काही सांगितलं का? तू माझ्यावरच्या रागानं येत नसशील तर तसं लिही. मी चार दिवस अंबोनला मावशीकडे जाऊन राहीन. तू ये, पापांबरोबर थाळीवर हात ठेव आणि परत जा. मी समोर येणार नाही.

योसिना

*

सोरोंग,
२ डिसेंबर १९८३

उसी,

तुझ्यावर राग? आई गेल्यावर आम्हा दोघांना तू वाढवलंस. नूसकाका त्या प्रवासात एक शब्द बोलला नाही. काय सांगायचं होतं त्याला?

मी का येत नाही ते आता लिहितो. आन्चेलाही हे माहीत नाही.

तुला ती सकाळ आठवते ना. पापा एकाच मुलाला मकासरच्या नौकाशाळेत पाठवू शकत होते आणि प्रवेशाच्या कागदावर त्यांनी आगुसचं नाव घातलं. मी बावीस वर्षांचा होतो. चार वर्षं त्या कागदाची वाट बघत होतो. होकायंत्र, नकाशे, सगळं पाठ केलं होतं. तो अठरा वर्षांचा, आणि त्याला उत्तर दिशा कुठे आहे तेही सांगता यायचं नाही.

थाळीपाशी पापांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे? असेल तर आत्ता बोला. मनात ठेवून देवासमोर जायचं नाही." मी म्हणालो, "काही नाही, पापा." मग आपण हात ठेवले. त्याचा हात माझ्या हाताखाली होता. डोळे मिटून ज्यानं त्यानं मनातल्या मनात वर्षाचं मागणं मागायचं. मी मागितलं, हा जाऊ नये.

एवढंच. मरू दे असं नाही म्हणालो. जाऊ नये, इतकंच.

दुसऱ्या दिवशी होडी उलटली.

देव ऐकत नाही म्हणून लोक रडतात. माझं त्यानं दुसऱ्याच दिवशी ऐकलं. खोटं बोललेल्या तोंडाचं, जळणाऱ्या मनाचं ऐकलं. तेव्हापासून मी काहीही मागितलेलं नाही उसी. चर्चमध्ये नुसते ओठ हलवतो. कोस्तान्साला दोनदा हिवताप झाला. आन्चे खाटेशी गुडघे टेकून होती आणि मी मागच्या अंगणात लाकडं फोडत मोठ्यानं आकडे म्हणत होतो, मनात मुलीचं नाव येऊ नये म्हणून. मी तिच्यासाठी एक मागावं आणि त्यानं भलतंच द्यावं, अशी भीती. तिचा बाप्तिस्मासुद्धा अजून झालेला नाही. आन्चे विचारते, मी पुढच्या महिन्यावर ढकलतो.

शर्टाचं विचारलं कारण मलाही तो दिसतो. जहाजाच्या पोटात, भर दुपारी, दिव्याच्या उजेडात. निळा शर्ट, नेहमी पाठमोरा. ठिगळाचं मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे तो कधी वळतच नाही.

असा हात तुला थाळीवर हवाय का?

मेकी

*

सापारुआ,
१४ डिसेंबर १९८३

मेकी,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. आपल्या चर्चमधली सेविका लेन्ची सोरोंगला निघालीय, तिच्या हाती देते. तुला लवकर मिळायला हवं.

तुझं पत्र मी आईच्या खोलीत दार लावून वाचलं. तू गाढव आहेस. पण मी तुझ्याहून मोठं गाढव. म्हणून आधी माझं ऐक.

त्या नव्या वर्षाच्या दुपारी मी स्वयंपाकघरामागे नारळ खवत होते. आगुस येऊन शेजारी बसला आणि खोबरं तोंडात टाकायला लागला. म्हणाला, "उसी, होडीत पाय ठेवला की मला ओकारी येते, आणि पापा मला कप्तान करणार!"

मी म्हणाले, "मग हे पापांना सांग."

"सांगितलं. म्हणाले, सवय होईल. उसी, मेकी माझ्याशी हसून बोलतो, पण आतून तो जळतोय. सकाळी थाळीवर त्यानं माझा हात नुसता दाबून धरला होता. मी देवाकडे मागितलंय, मला जावं लागू नये, माझी जागा त्याला मिळू दे. आता अंबोनला जातो आणि कार्यालयात नाव बदलून घेतो. एकदा शिक्का बसला की पापा काय करतील?"

मेकी, मी खवणी खाली ठेवली आणि त्याला मिठी मारली. आणि म्हणाले, "उद्याच जा. पापांचं मी बघते."

नूसकाका म्हणाला होता, पश्चिमेचा वारा आहे, तीन दिवस थांबू. मला धीर नव्हता. तीन दिवसांत पापांना कळलं असतं. मी त्याच्या अंगणात गेले आणि त्याच्या भावांसमोर, जावयासमोर म्हणाले, "वाऱ्याला भितोस काका? मग होडी विक आणि बायकांबरोबर साबुदाणा गाळायला बस." सगळे हसले. त्याचं तोंड काळं पडलं. पहाटे त्यानं होडी काढली.

तो उलट्या होडीला धरून तरंगला, हारुकू बेटाच्या कोळ्यांनी त्याला काढलं. आगुस नाही सापडला. त्या दिवसापासून नूसकाका माझ्याकडे बघत नाही. दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्यानं कुणालाही काही सांगितलं नाही, आणि मीही नाही. आगुस तुझ्यासाठी निघाला होता हे तुला कसं सांगणार होते? तू दोन महिन्यांत घर सोडलंस तेव्हा वाटलं, तुला कुणीतरी सांगितलं असणार आणि माझं तोंड बघायचं नसेल.

तू मागितलंस, आगुस जाऊ नये. त्यानंही तेच मागितलं होतं, त्याच थाळीवर, तुझ्याच हाताखाली. देवानं कुणाचं ऐकलं, की कुणाचंच नाही, ते मला विचारू नकोस. मी पाळकबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "योसिना, मला माहीत नाही." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मला आवडल्या.

पापा आता रोज विचारतात, वर्ष संपायला किती दिवस राहिले.

उसी

*

तुलेहू धक्का, अंबोन,
३० डिसेंबर १९८३

उसी,

सापारुआच्या एका मासेवालीच्या हाती ही चिठ्ठी देतोय. मी इथवर आलो. सोरोंगहून मोठ्या जहाजानं आलो, खालच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून.

तीन दिवस धक्क्यावर बसलोय. होड्या येताहेत, जाताहेत. वारा फारसा नाही. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चढतात, कडेवर पोरं असतात. मी उठतो, होडीच्या फळीपर्यंत जातो आणि मागे फिरतो. होडीवाले हसतात. एकानं विचारलं, "काय भाऊ, बायकोशी भांडण?"

तो इथेही आहे, धक्क्याच्या टोकाला. पाठमोरा, आपल्या बेटाकडे तोंड करून.

माझ्यासाठी थांबू नकोस. वेळ झाली की थाळी उचल.

मेकी

*

सापारुआ,
१७ जानेवारी १९८४

प्रिय मेकी,

पापा गेले. शुक्रवारी, तेरा तारखेला, दुपारी. वाटीभर मासळीचं सूप संपवलं, "मीठ बरोबर आहे" म्हणाले आणि उशीला टेकले. मी वाटी धुऊन आले तोवर गेलेले होते. आईशेजारी ठेवलंय. तारेचा निरोप तुला मिळाला असेलच. तू पोचू शकणार नव्हतास, मनाला लावून घेऊ नकोस.

खड्डा नूसकाकानं खणला. कुणाला हात लावू दिला नाही. संपल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. माझ्यामुळे तुम्ही होडी काढलीत." तो फावड्याची माती पुसत राहिला. म्हणाला, "मीही नाही म्हणू शकलो असतो, पोरी." मग बघितलं त्यानं माझ्याकडे. त्याचे डोळे किती म्हातारे झालेत.

आता तुला एक विचारायचंय. तू चार दिवस इथे होतास, तेव्हा माझी जीभ रेटली नाही.

पहिल्या तारखेला मी थाळीवरच्या फडक्याला गाठ मारत होते आणि पायरीवर पाय आपटल्याचा आवाज आला. गाठ अर्धीच राहिली. पापा खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "आला." दारात तू होतास. पँट गुडघ्यापर्यंत ओली, तोंड पांढरंफटक. मी फडकं सोडलं. आपण तिघांनी हात ठेवले. पापांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि तू बोललास, मी बोलले, सगळं. त्यांनी किती ऐकलं देव जाणे. ते तुझा हात चाचपत होते. म्हणाले, "किती गार पडलास, आगुस." मी "पापा, हा मेकी" म्हणणार, तोच तू मान हलवून मला गप्प केलंस.

मग घंटा झाली. मी थाळी घेऊन चर्चला गेले, तू त्यांच्यापाशी थांबलास. परत आले तर पापा शांत झोपलेले आणि तू जमिनीवर बसलेला, डोळे सुजलेले. काय बोलले ते तुझ्याशी?

आणखी एक. दफनानंतरच्या सकाळी मी दार उघडलं तर पडवीपासून आत पापांच्या खाटेपर्यंत ओली पावलं होती. अनवाणी, एकाच माणसाची. आत गेलेली. परत आलेली नव्हती. मी पुसली नाहीत. चटईवर बसून ती वाळेपर्यंत बघत राहिले. त्यानंतर पायरीवर आवाज आलेला नाही. बरं वाटायला हवं. पण घर इतकं गप्प झालंय की संध्याकाळी मी स्वतःच जाऊन पायरीवर उभी राहते.

उसी

*

सोरोंग,
५ फेब्रुवारी १९८४

प्रिय उसी,

तार मिळाली त्या दिवशी मी कामावर गेलो आणि दिवसभर एकच खिळा ठोकत होतो, असं मुकादम सांगतो.

तू गेल्यावर पापा म्हणाले, "दार लावून घे, योसिनाला ऐकू जायला नको." मग माझा हात धरून म्हणाले, "आगुस, त्या वर्षी मी देवासमोर लबाडी केली. कागदावर तुला पाठवायची सही केली आणि थाळीवर हात ठेवून मागितलं, माझी दोन्ही मुलं माझ्याजवळच राहू देत. सही एक, मागणं दुसरंच. असा माणूस पुढं उभा राहिला तर देवानं काय समजायचं?"

त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक आहे, मी मेकीचं नाव का नाही घातलं? तो हुशार होता. बाहेर पडला असता तर परत आला नसता. तू आला असतास." मग छताकडे बघून म्हणाले, "आणि बघ, तूच आलास."

उसी, माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पापा, मी मेकी, मी आलोय. एकदा तरी त्यांनी माझ्या नावानं माझा हात धरावा असं इतकं वाटत होतं की दात आवळून धरले. पण ते तेरा वर्षं ज्याची वाट बघत होते तो मी नव्हतो. त्यांनी विचारलं, "माझ्यावर राग आहे का रे तुझा?" मी आगुससारखा आवाज काढला. तू हसशील, पण तो आवाज मला जमला. म्हणालो, "नाही पापा." ते म्हणाले, "मग बस इथे." मी बसलो. तुझी चाहूल लागेपर्यंत बसलो.

आपल्या घराला देवानं हो म्हटलं की नाही, मला कळलेलं नाही. त्या सकाळी आपण चौघं उभे होतो. तू काय मागितलं होतंस ते तू लिहिलं नाहीस, आणि मी विचारत नाही. उरलेल्या तिघांना तर एकच हवं होतं, आगुसनं जाऊ नये. यावर मी किती विचार केला. आता थकलो.

जहाजाच्या पोटात तो पुन्हा दिसला नाही. दुपारी दिवा घेऊन खाली उतरतो तेव्हा आधी त्या कोपऱ्याकडे बघतो. तिथे नुसता गंजलेला पत्रा आहे. एकदा मी हाकही मारली. आत घुमली आणि परत आली.

आता घरचं. गेल्या रविवारी कोस्तान्साचा बाप्तिस्मा झाला. पाळकांनी आईबापांना तिच्या डोक्यावर हात ठेवून मनात प्रार्थना करायला सांगितलं. आन्चेनं डोळे मिटले. माझा हात लेकीच्या केसांवर होता, केस ओले होते, आणि माझे पाय पळायला बघत होते. मी काही मागितलं नाही उसी. मागणं मला अजून येत नाही. मी फक्त मनात तिचं नाव घेतलं. कोस्तान्सा. तेरा वर्षांनी देवासमोर मी उच्चारलेलं पहिलं नाव.

मग डोळे उघडायची हिंमत होईना. सगळं चर्च गाणं म्हणायला लागलं तरी मी तसाच. शेवटी कुणीतरी माझं बोट ओढलं आणि चिडून म्हणालं, "पापा, पाणी कानात गेलंय."

तुझा,
मेकी